रिफ्रॅक्टोमीटर आणि ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन फ्लुइड: आमची छत्री परत उघडली त्याची गोष्ट

समुद्री टँकमधलं कोरल (प्रवाळ) मिटलं की माणूस आधी औषध शोधतो, मीही तेच केलं, आणि त्यात माझे आठ दिवस गेले. म्हणून हा रिव्ह्यू नीट आणि सविस्तर लिहितोय. वस्तू दोन आहेत, एक म्हणजे हातात धरून डोळ्याला लावायचा साधा सॅलिनिटी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र, तो काळ्या रबरी मुठीचा, जो ऑनलाइन दहा वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि आतून सगळा सारखाच असतो, आणि दुसरी म्हणजे ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन फ्लुइडची छोटी बाटली, म्हणजे यंत्राचा आकडा जुळवून घ्यायला नेमक्या खारटपणाचं पाणी (पीपीटी म्हणजे एक किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ). पहिली मला अठराशेच्या आसपास पडली, दुसरी सातशेला. लोक पहिली घेतात आणि दुसरी सोडून देतात. माझं म्हणणं उलटं आहे, बाटली नसेल तर रिफ्रॅक्टोमीटर घेऊच नका.

आमची टँक ठाण्यात हॉलमध्ये आहे, दगड-वाळू वजा जाता टँक आणि सम्प (खालची फिल्टरची टाकी) मिळून साधारण १२० लिटर पाणी. आत क्लाउनफिशची जोडी, कोरलमध्ये थोडे झोआ, मश्रूम, झेनियाचा एक झुपका, आणि मधोमध टोडस्टूल लेदर हे मऊ कोरल. हे लेदर चार वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका मित्राने त्याच्या टँकमधल्या मोठ्या कोरलचा तुकडा कापून दिलं होतं, तेव्हा पाच रुपयांच्या नाण्याएवढं होतं, आता जेवणाच्या ताटलीएवढं झालंय. माझी मुलगी त्याला छत्री म्हणते. सकाळी लाइट लागले की अर्ध्या तासात त्या छत्रीवर शेकडो पॉलिप (कोरलचे फुलासारखे बारीक जीव) बाहेर येतात, प्रत्येकाला आठ बारीक पाकळ्या, आणि प्रवाहात सगळं एकदम गव्हाच्या शेतासारखं हलतं. शाळेत जायच्या आधी तिने ते बघायचं हा आमच्या घरचा नेम आहे.

मे महिन्यात कोल्हापूरला लग्न होतं, सात दिवस गेलो होतो. आल्यावर बघितलं तर छत्री मिटलेली. एकही पॉलिप बाहेर नाही, कडा आत वळलेल्या, देठ बारीक झालेला, रंग पिवळसर बदामी असतो तो मळकट करडा. आधी घाबरलो नाही, कारण लेदर कोरल अधूनमधून कात टाकतं, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरतं, चार दिवस कधी आठ दिवस मिटून बसतं, आणि मग तो पापुद्रा सुटला की पहिल्यापेक्षा छान उघडतं. नवीन लोक यालाच आजार समजतात आणि कोरल उचलून इकडून तिकडे ठेवत बसतात, तसं करू नका.

पण तिसऱ्या दिवशी झोआ मिटले. मग झेनिया, जो दिवसभर मुठी उघडमीट करत असतो, तो थांबला आणि आडवा पडला. मश्रूम आक्रसून बटणाएवढे झाले. आणि इथे एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा, एकच कोरल आजारी असेल तर कारण त्याच्या आसपास शोधायचं, मासा कुरतडतोय का, शेजारचं कोरल डंख मारतंय का, कसला किडा बसलाय का, प्रवाह थेट तोंडावर येतोय का. पण सगळीच एकदम मिटली तर दोष पाण्यात आहे. इतकं साधं आहे ते. मला तिसऱ्या दिवशीच कळायला हवं होतं पण क्लाउनफिश ठणठणीत होते, खायला घातलं की काचेवर येत होते, त्यामुळे पाणी बरोबर आहे असं मी धरून चाललो. माशाचं शरीर आतलं मीठ स्वतः सांभाळतं, समुद्राचं पाणी पिऊन जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतं, म्हणून थोडंफार खारट झालं तर त्याला काही होत नाही. कोरलला ते जमत नाही. बाहेर जेवढं खारट तेवढंच त्याचं अंग खारट होतं. लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर कसं पाणी सुटतं आणि फोडी मऊ पडतात, लेदरचं अक्षरशः तेच होतं, कारण त्याला हाडासारखा सांगाडा नाही, ते पाण्यावरच ताठ उभं राहतं.

आता मी काय काय केलं ते सांगतो. घरच्या किटने टेस्ट केल्या. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ९.३, कॅल्शियम ४७०, मॅग्नेशियम १४५०. माझे नेहमीचे आकडे साधारण ८.३, ४२०, १३०० असतात. मी बघितलं आणि म्हटलं, थोडे जास्त आहेत, चालतंय. हे तिन्ही आकडे एकाच प्रमाणात वाढलेत, म्हणजे पाणीच घट्ट झालंय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. तुमच्याकडे असं झालं तर हा खुणेचा दगड समजा, एकच आकडा वाढला तर डोसिंगचा, म्हणजे तो घटक वरून टाकण्याचा, प्रश्न असतो, सगळे मिळून वाढले तर मिठाचा.

खारटपणाही बघितला होता, पण प्लास्टिकच्या काटेवाल्या हायड्रोमीटरवर, तो साध्या पाण्याच्या तुलनेत घनता (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) दाखवतो. तीनदा पाणी भरलं, तीन वेगळे आकडे आले, १.०२४, १.०२६, १.०२७. मी मधला धरला. काटा हिरव्या पट्ट्यातच होता. त्या हायड्रोमीटरचा दोष असा की काट्यावर बारीक बुडबुडा चिकटला तर काटा वर जातो, मिठाचा किंवा चुन्याचा थर बसला तर जड होऊन खाली राहतो, आणि खिळीत मीठ साचलं तर अडकतो. माझ्याकडचा दोन वर्षं वापरलेला होता, भिंगाने बघितलं तर काट्याच्या मागच्या बाजूला पांढरा खरखरीत थर होता. म्हणजे तो मला कधीपासून कमी दाखवत होता कोण जाणे.

पाचव्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन कुर्ल्याला एका दुकानात गेलो. त्यांनी नायट्रेट आणि फॉस्फेट बघितलं, दोन्ही ठीक निघालं, आणि ट्रेस एलिमेंटची (अगदी थोड्या प्रमाणात लागणाऱ्या घटकांची) एक बाटली हातात दिली, रोज पाच एमएल टाका म्हणाले. खारटपणा त्यांनी तपासला नाही आणि मीही तपासा म्हटलं नाही. ती बाटली तीन दिवस टाकली. छत्रीच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढा भाग काळपट आणि बुळबुळीत झाला. मुलीने त्या दिवशी विचारलं की छत्री मरणार का, आणि मला उत्तर देता आलं नाही.

मग ज्या मित्राने तो तुकडा दिला होता त्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, सॅलिनिटी कशाने मोजतोस? मी सांगितलं. तो म्हणाला बाकी सगळं बंद कर, बाटली टाकणं थांबव, रिफ्रॅक्टोमीटर मागव, आणि बरोबर ३५ चं फ्लुइड मागव, आल्याशिवाय टँकला हात लावू नको. दोन्ही दुसऱ्या दिवशी घरी आलं.

आता वस्तूबद्दल. डब्यात रिफ्रॅक्टोमीटर, छोटा स्क्रूड्रायव्हर, दोन प्लास्टिकचे ड्रॉपर आणि पुसायचं फडकं येतं. पुढे निळसर तिरपी काच असते, त्यावर दोन-तीन थेंब टाकायचे, वरचं झाकण हळू टेकवायचं म्हणजे बुडबुडा राहत नाही, अर्धा-एक मिनिट थांबायचं म्हणजे थेंब यंत्राच्या तापमानाला येतो, आणि मग उजेडाकडे धरून बघायचं. आत गोल दिसतो, वरचा भाग निळा, खालचा पांढरा, आणि दोन्हींच्या सीमेवर जो आकडा तो तुमचा खारटपणा. एका बाजूला पीपीटी, दुसऱ्या बाजूला स्पेसिफिक ग्रॅव्हिटी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच हायसं वाटलं, कारण काटा नाही, हलणारं काही नाही, एक स्वच्छ रेषा आहे आणि ती तीन वेळा बघितली तरी तिथेच आहे.

सोबतच्या कागदावर लिहिलंय की आरओच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याने शून्यावर सेट करा. तेवढं करून थांबू नका! मी आधी आरओने शून्य केलं, मग फ्लुइडचे दोन थेंब टाकले, तर ३५ च्या जागी ३६.५ च्या थोडं वर रेषा आली. कारण असं की हे स्वस्तातले बरेचसे रिफ्रॅक्टोमीटर मुळात नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात, आणि समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम वगैरे असल्यामुळे ते प्रकाश थोडा वेगळा वाकवतं. शून्याला दोन्ही सारखेच, ३५ ला दीड पीपीटीचा फरक. मी कागदावर विसंबून राहिलो असतो तर पुढे यंत्रावर ३५ आणलं असतं आणि टँक खरी ३३.५ वर गेली असती, म्हणजे आजारी कोरलला उलट्या बाजूचा झटका. वरच्या रबरी टोपीखाली स्क्रू असतो, तो केसभर फिरवून रेषा ३५ वर आणायची. अगदी हलक्या हाताने, तो फार पटकन सरकतो.

फ्लुइडवर तरी विश्वास का ठेवायचा, असं मला पण वाटलं, म्हणून घरी ताडून बघितलं. ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी, हे मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरला ३५ च्या समुद्राच्या पाण्यासारखंच दिसतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरला, मीठ चांगलं कोरडं होतं. रेषा फ्लुइडच्या रेषेवरच आली, कळेल न कळेल इतका फरक. म्हणजे बाटलीवर जे लिहिलंय ते खरं आहे. पैसे वाचवायचे असतील तर हे घरगुती मिश्रणही चालेल, पण काटा एका ग्रॅमपेक्षा जास्त चुकणारा नको.

मग टँकचं पाणी. ३९. आमच्या बायकोने पण बघितलं, तिलाही ३९ च दिसले. समुद्र ३५ च्या आसपास असतो.

हे झालं कसं तेही त्याच रात्री उलगडलं. उन्हाळ्यात मी टँकवर दोन छोटे पंखे लावतो, पाणी त्याने दोन-तीन डिग्री थंड राहतं पण दिवसाला दीड-दोन लिटर वाफ होऊन जातं. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं, म्हणून टॉप-अप नेहमी आरओच्या पाण्याने करायचा. सात दिवस शेजारचे काका रोज येऊन खुणेपर्यंत पाणी भरत होते, एक दिवस चुकवला नाही त्यांनी. पण खाली दोन एकसारखे निळे कॅन होते, एकात आरओ आणि एकात वॉटर चेंजसाठी तयार केलेलं खारं पाणी, आणि मी दोन्हीवर काही लिहिलं नव्हतं. खाऱ्या पाण्याचा कॅन जवळजवळ रिकामा निघाला. साडेदहा-अकरा लिटर खारं पाणी म्हणजे पावणेचारशे-चारशे ग्रॅम मीठ, १२० लिटरला भागलं तर तीन पीपीटीच्या वर. आणि त्या बिघडलेल्या हायड्रोमीटरमुळे टँक आधीच ३६ च्या आसपास असणार. हिशोब बरोबर ३९ वर येतो. काकांना फार वाईट वाटलं, पण यात त्यांचा काडीचाही दोष नाही, कॅनवर लिहायचं काम माझं होतं.

आता परत खाली आणायचं तर एकदम नाही. इतके दिवस त्या खारटपणात राहून कोरलचं अंग तसं झालेलं असतं, एका दिवसात चार पीपीटी खाली आणलं तर पेशीत पाणी घुसून उरलेलंही जातं. मी रोज अर्धा पीपीटी ठरवलं. हिशोब सोपा आहे, १२० ला ३९ ने भागा, तीन लिटर येतात, म्हणजे तीन लिटर टँकचं पाणी काढून तेवढंच आरओ टाकलं की एक पीपीटी कमी होतो. अर्ध्यासाठी दीड लिटर, तेही सकाळी पाऊण संध्याकाळी पाऊण, सम्पमध्ये हळूहळू. वाफेचा टॉप-अप वेगळा. रोज रात्री रिफ्रॅक्टोमीटरने बघायचं आणि वहीत लिहायचं. आठ दिवसांत ३५ वर आलो, आणि अल्कलिनिटी कॅल्शियम मॅग्नेशियम तिन्ही आपापल्या जागी आपोआप परत आले, वेगळं काही करावं लागलं नाही. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने किंवा त्या हायड्रोमीटरच्या काट्याने हे जमलंच नसतं, अर्धा पीपीटी त्यावर दिसतच नाही.

बरोबरीने तीन गोष्टी केल्या. सम्पमध्ये ताजा कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) ठेवला, कारण लेदर त्रासात असलं की पाण्यात स्वतःची रसायनं सोडतं आणि शेजारच्या कोरलना ती बाधतात. वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) थोडा वळवला, म्हणजे छत्रीवरून प्रवाह जाईल पण थेट मार बसणार नाही. आणि तो काळा भाग कापला. त्याची भीती वाटत होती पण सडका भाग तसाच ठेवला तर पसरतो. हातमोजे आणि चष्मा घातला (झोआ शेजारी असतील तर हे कराच, काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं), नवीन ब्लेड घेतलं, टँकचंच पाणी एका घमेल्यात काढून त्यात कोरल ठेवलं, आणि काळ्याच्या पलीकडे चांगल्या भागातून बोटाच्या पेरभर आत सरळ काप घेतला. आतून ते पांढरट असतं, ब्लेडला बारीक रेती लागल्यासारखी करकर लागते, ती त्याच्या अंगातल्या चुन्याच्या कणांची. कापलेला तुकडा फेकला, घमेल्यातलं पाणी ओतून दिलं, कोरल परत त्याच जागी.

सॅलिनिटी ३५ झाल्यावर चौथ्या दिवशी छत्रीवर पापुद्रा धरला आणि मला बरं वाटलं, कारण मरणारं कोरल कात टाकत नाही, ते विरघळतं. ड्रॉपरने हलकं पाणी मारून तो सुटायला मदत केली, ओढून काढला नाही. झेनिया त्याआधीच उभा राहून परत मुठी मिटायला लागला होता, झोआ निम्मे उघडले होते. आणि मग एका सकाळी मुलगी दूध पिता पिता ओरडली. छत्रीच्या एका बाजूला, कापलेल्या जागेच्या अगदी विरुद्ध टोकाला, दहा-बारा पॉलिप बाहेर आलेले, बाकी सगळं अजून गुळगुळीत. शाळेची बस त्या दिवशी चुकली, मी गाडीने सोडली तिला. पूर्ण उघडायला पुढे जवळजवळ महिना गेला. कापलेली जागा आता भरून आलीये, तिथे कड थोडी आत गेलेली दिसते एवढंच.

आता रिफ्रॅक्टोमीटरच्या त्रुटी, कारण त्या आहेत. एटीसी म्हणजे तापमानाची दुरुस्ती तो आपोआप करतो असं लिहिलंय, पण ती १० ते ३० डिग्रीपर्यंतच. ठाण्यात मे महिन्यात दुपारी हॉल ३३ ला असतो, तेव्हा घेतलेलं रीडिंग मी धरत नाही, सकाळी लवकर किंवा बेडरूममध्ये एसी लावून बघतो. ट्यूबलाइटखाली रेषा पुसट दिसते, खिडकीचा उजेड लागतो. स्क्रूवरची रबरी टोपी सैल आहे, दोनदा पडली. आणि सेटिंग सरकतं, माझं दीड महिन्यात जवळजवळ एक पीपीटी सरकलं होतं, म्हणून आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फ्लुइडने तपासतो. वापरल्यावर काच आरओच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा, मीठ वाळलं की ओरखडे येतात. फ्लुइडची बाटली लगेच घट्ट बंद करा, उघडी राहिली तर त्यातलंही पाणी उडतं आणि ती ३५ ची राहत नाही. थेंब काचेवरून परत बाटलीत सोडायचा नाही.

माझे स्टार: रिफ्रॅक्टोमीटरला चार, फ्लुइडला पाच. काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरला कोरलच्या टँकसाठी शून्य, कुठल्याही कंपनीचा असो. ट्रेस एलिमेंटच्या बाटलीबद्दल वाईट बोलणार नाही, ती वस्तू खराब नसेल, पण आजार काय ते कळायच्या आधी ती टाकायला नको होती.

अजून एक, कोणी विचारेल म्हणून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हार्ड कोरल, समुद्रपंखा, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल हे सगळं परिशिष्ट एकमध्ये आहे, ते विकणं विकत घेणं गुन्हा आहे. दुकानात दिसलं तरी घेऊ नका. लेदर किंवा मश्रूम हवं असेल तर कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेल्याचा तुकडा मागा, जगतोही जास्त चांगला आणि समुद्रातून काही उपटलं जात नाही.

दोन्ही कॅनवर आता मुलीने मार्करने लिहिलंय, एकावर 'गोड' आणि एकावर 'खारट', आणि खारट कॅनला तिने लाल रिबन बांधलीये. गणपतीत आम्ही गावी जाणार, तेव्हा पाणी काकाच बघणार आहेत. त्यांनीच सांगितलं की मला ते यंत्र शिकव. परवा बाल्कनीत उभं राहून त्यांनी थेंब टाकला, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पस्तीसला जरा कमी वाटतंय रे." मी बघितलं तर साडेचौतीस होतं.